मौंजारो क्विकपेन: पेन चांगलं आहे, चुका कुठे होतात ते बघा

मधुमेह आणि वजनासाठी आठवड्यातून एकदा घ्यायचं टिर्झेपाटाइड हे इंजेक्शन आपल्याकडे आधी व्हायलमध्ये, म्हणजे छोट्या बाटलीत आलं, मग पेनमध्ये. मार्च २०२५ मध्ये एलाय लिली कंपनीनं ते मौंजारो या नावानं भारतात आणलं, तेव्हा २.५ मिलिग्रॅमची व्हायल ३,५०० रुपयांना आणि ५ मिलिग्रॅमची ४,३७५ रुपयांना होती. ऑगस्ट २०२५ मध्ये क्विकपेन आलं. एका पेनात चार डोस, म्हणजे महिन्याची सोय. किंमत २.५ मिग्रॅच्या पेनाला १४,००० आणि ५ मिग्रॅच्या पेनाला १७,५०० रुपये. गुणाकार करून बघा, चार व्हायलचे जेवढे पैसे तेवढेच एका पेनाचे. सप्टेंबर २०२५ मध्ये औषधांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आणि हे आकडे थोडे खाली उतरले.

म्हणजे पेनासाठी वेगळे पैसे मोजावे लागत नाहीत. त्यामुळे आमचं मत सरळ आहे: घरी स्वतःच्या हातानं इंजेक्शन घेणार असाल तर पेनच घ्या. पेनात डोस मोजायचं काम यंत्राकडे जातं आणि मोठी चूक होण्याची एक वाट बंद होते. पण बाकीच्या वाटा उघड्याच राहतात. सुई बसवताना, बटण सोडताना, पेन परत फ्रिजमध्ये ठेवताना आणि महिनाअखेरीला पैसे वाचवायचा विचार मनात येतो तेव्हा.

व्हायलबद्दल आधी बोलून घेऊ

एका व्हायलमध्ये ०.५ मिली औषध असतं आणि ते एकाच डोसचं. ते ओढायला बहुतेक घरांत इन्सुलिनची सिरिंज वापरली जाते, आणि घोळ तिथेच होतो. आपल्याकडे दोन प्रकारच्या इन्सुलिन सिरिंज मिळतात: लाल टोपणाची यू-४० आणि केशरी टोपणाची यू-१००. दोन्हींवर खुणा युनिटच्या असतात, मिलीच्या नाहीत. यू-१०० वर ०.५ मिली म्हणजे ५० ची खूण. यू-४० वर तेच ०.५ मिली म्हणजे २० ची खूण. आता कुणी सांगितलं, "वीसपर्यंत ओढायचं," आणि मेडिकलवाल्यानं केशरी टोपणाची सिरिंज दिली, तर अंगात जातं फक्त ०.२ मिली, निम्म्याहूनही कमी. उलट "पन्नासपर्यंत" असं ऐकलेल्या माणसाच्या हाती लाल टोपणाची सिरिंज आली तर तिच्यावर खुणाच ४० पर्यंत. तो गोंधळतो, औषध कमी पडलं असं समजून दुसरी व्हायल उघडतो आणि डोस दुप्पट होतो.

म्हणून व्हायल वापरणाऱ्यांनी सिरिंजचा प्रकार चिठ्ठीवर लिहून घ्यावा आणि प्रत्येक वेळी त्याच प्रकारची मागावी. मिलीच्या खुणा असलेली १ मिलीची सिरिंज मिळाली तर सगळ्यात बरं. व्हायलच्या तळाशी थोडं औषध उरतं, ते पुढच्या आठवड्यासाठी ठेवायचं नाही. व्हायल एकदाच वापरायची असते. एकदा रबर टोचलं की आतलं निर्जंतुक राहील याची हमी संपली.

पेन हातात घेतल्यावर

क्विकपेन सहा ताकदींत येतं: २.५, ५, ७.५, १०, १२.५ आणि १५ मिग्रॅ. कुठलंही घ्या, एका डोसला ०.६ मिली द्रवच बाहेर पडतो. फरक द्रवाच्या तीव्रतेत असतो. ही गोष्ट नीट लक्षात ठेवा, कारण पुढच्या बऱ्याच चुका याच्याशी जोडलेल्या आहेत. पेनावर डोस निवडायची सोय नाही. मागचा नॉब फिरवला की खिडकीत आधी एक लांबट रेघ येते, ती हवा काढायची जागा. शेवटपर्यंत फिरवला की १ येतो, तो पूर्ण डोस. अर्धा नाही, पाऊण नाही.

इंजेक्शनच्या साधारण अर्धा तास आधी पेन फ्रिजमधून काढून ठेवा. गार द्रव टोचला की जास्त झोंबतो. हात साबणानं धुवा. लेबलवरची ताकद वाचा, मोठ्यानं वाचलीत तर उत्तम, कारण ताकद बदलल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात जुनं पेन उचलणं फार सहज घडतं. द्रव स्वच्छ, रंगहीन किंवा किंचित पिवळसर असावा. कण दिसले, गढूळ दिसला तर ते पेन बाजूला ठेवा.

आता सुई. खोकं घेताना सुया आत आहेत का ते दुकानातच बघा, नसतील तर तिथेच मागून घ्या. पेन नीडल म्हणूनच मागायची, ३२ गेज, ४ मिमीची पुरते. पेन नीडलला दोन टोकं असतात हे पुष्कळांना माहीत नसतं. एक टोक तुमच्या कातडीत जातं, दुसरं मागच्या बाजूनं पेनाच्या रबरात शिरतं. सुई तिरकी दाबून मग पिळली की ते मागचं बारीक टोक रबराच्या कडेवर वाकतं. बाहेरून काहीच कळत नाही. नॉब घट्ट लागतो, औषध येत नाही, आणि माणूस म्हणतो पेन खराब निघालं. म्हणून रबर अल्कोहोलच्या बोळ्यानं पुसायचं, वाळू द्यायचं, सुई सरळ रेषेत टेकवायची आणि मग आटे फिरवायचे. बाहेरचं मोठं टोपण काढून जपून ठेवा, ते नंतर लागतं. आतलं छोटं टोपण काढून टाका.

हवा काढणं हा क्विकपेनचा सर्वांत महत्त्वाचा टप्पा आहे आणि सर्वांत जास्त गाळला जाणाराही तोच. नॉब हळू फिरवा, दोन टकटक ऐकू येतात आणि खिडकीत ती लांबट रेघ दिसते. पुढे-मागे झालं तर दोन्ही बाजूंना फिरवून रेघ जागेवर आणता येते. सुई वर धरा, काचेच्या भागावर बोटानं हलकी टिचकी मारा म्हणजे बुडबुडे वर जमतात. मग नॉब तळापर्यंत दाबा आणि दाबलेलाच ठेवून सावकाश पाच मोजा. सुईच्या टोकाशी औषधाचा एक टिपका यायला हवा. साबुदाण्याच्या दाण्याएवढा थेंब येऊन सुईवरून ओघळला तरी तो वाया गेला असं समजू नका. त्यासाठीचं औषध पेनात जादा भरलेलंच असतं. टिपका दिसला नाही तर पुन्हा तसंच करा, फार तर आणखी दोन वेळा. तरीही नाही आला तर सुई बदला. टिपका न बघता टोचलं तर वाकलेल्या किंवा बुजलेल्या सुईतून काहीच न जाण्याची शक्यता राहते, आणि ते आठवडाभर कळत नाही.

त्यानंतर नॉब थांबेपर्यंत फिरवा, खिडकीत १ दिसला पाहिजे. जागा पोटाची किंवा मांडीची. बेंबीच्या भोवती साधारण ५ सेंटीमीटर, म्हणजे तीन बोटं, सोडायची. दंडाच्या मागे घ्यायचं असेल तर दुसऱ्या माणसाकडून घ्या, स्वतःच्या दंडात स्वतः नीट टोचता येत नाही. ४ मिमीची सुई सरळ, काटकोनात आत जाते. नॉब तळापर्यंत दाबा, दाबून ठेवा, पुन्हा सावकाश पाच मोजा. खिडकीत ० दिसल्याशिवाय सुई बाहेर काढायची नाही.

ही पाचची मोजणी का? नॉब तळाला पोचला तरी शेवटचं औषध त्या केसासारख्या नळीतून बाहेर यायला वेळ लागतो. लगेच सुई ओढली तर कातडीवर मोठा ओला ठिपका दिसतो. तो डोसचाच भाग. अगदी बारीक थेंब दिसला तर चिंता नको. धार लागल्यासारखं ओलं झालं तर पुढच्या वेळी मोजणी लांबवा, पण त्याच दिवशी "भरपाई" म्हणून दुसरा डोस घेऊ नका. किती आत गेलं आणि किती सांडलं याचा अंदाज कुणालाच बांधता येत नाही.

रक्ताचा ठिपका आला तर कापसानं दाबा, चोळू नका. मग ते जपलेलं मोठं टोपण सुईवर बसवा आणि सुई पिळून काढा. सुई लावून पेन ठेवू नका. फ्रिजमध्ये ते गार होतं, बाहेर काढल्यावर गरम होतं. गार होताना द्रव आकसतो आणि सुईतून हवा आत ओढली जाते, गरम होताना औषध गळतं. सुईच्या टोकाशी वाळलेलं औषध नळी बुजवतं. दर आठवड्याला नवी सुई, हा चार सुयांचा खर्च इथे वाचवायचा नाही.

जागाही दर आठवड्याला बदला: पोटाची डावी बाजू, उजवी बाजू, डावी मांडी, उजवी मांडी असा फेरा ठेवला तर चार डोसांत एक चक्र पुरं होतं. एकाच जागी टोचत राहिलं की तिथे गाठ धरते आणि औषध नीट शोषलं जात नाही. इन्सुलिनही चालू असेल तर दोन्ही पोटात घ्यायला हरकत नाही, पण शेजारी शेजारी नको, आणि एका सिरिंजमध्ये तर कधीच मिसळू नका.

सेमाग्लुटाइडच्या पेनावरून इकडे येत असाल तर

सेमाग्लुटाइड हे अशाच कामाचं दुसरं आठवड्याचं इंजेक्शन; ओझेम्पिक आणि वेगोव्ही ही त्याची बाजारातली नावं. त्याच्या सवयी बदलाव्या लागतात. ओझेम्पिकच्या पेनात औषध येतं की नाही ते नवं पेन सुरू करताना एकदा तपासायचं असतं. क्विकपेनात हवा प्रत्येक डोसच्या आधी काढायची. ओझेम्पिकला ० आल्यावर सहापर्यंत मोजतात, इथे पाच. डोस चुकल्यावरचे नियमही वेगळे आहेत: ओझेम्पिकला पाच दिवसांची मुभा, मौंजारोला चार दिवसांची. जुन्या पेनाच्या सवयीनं नवं पेन चालवू नका. आणि मिलिग्रॅमचे आकडे एकमेकांशी ताडून बघू नका. १ मिग्रॅ सेमाग्लुटाइड घेणाऱ्यानं टिर्झेपाटाइड किती घ्यावं हा हिशेब घरी करायचा नसतो.

औषध म्हणून तुलना करायची तर समोरासमोरची चाचणी झालेली आहे. मधुमेह नसलेल्या स्थूल लोकांमध्ये ७२ आठवड्यांनंतर टिर्झेपाटाइडवर वजन सरासरी २०.२ टक्के उतरलं, सेमाग्लुटाइडवर १३.७ टक्के. मधुमेहींच्या आधीच्या चाचणीत ४० आठवड्यांत १५ मिग्रॅ टिर्झेपाटाइडवर एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा) सरासरी २.३ अंकांनी उतरलं, १ मिग्रॅ सेमाग्लुटाइडवर १.८६ नं. दोन्ही औषधं प्रभावी आहेत. किमतीचा मुद्दा असेल तर नोव्हेंबर २०२५ मध्ये वेगोव्हीच्या किमती ३७ टक्क्यांपर्यंत उतरल्या, डिसेंबरात ओझेम्पिकही भारतात आलं. महिन्याच्या खर्चात फरक पडतो, तेव्हा डॉक्टरांशी हे उघडपणे बोला. खर्च झेपत नाही म्हणून मधेच बंद पडणारं भारी औषध हे झेपणाऱ्या औषधापेक्षा वाईट. बंद केलं की काय होतं तेही मोजलेलं आहे: ३६ आठवडे टिर्झेपाटाइड घेऊन मग ते थांबवलेल्या लोकांचं वजन पुढच्या वर्षभरात सरासरी १४ टक्के परत वाढलं.

फ्रिज

न वापरलेलं पेन २ ते ८ अंशांत. वापरायला काढलेलं पेन ३० अंशांपर्यंत बाहेर चालतं आणि पहिल्या डोसपासून ३० दिवसांत संपवायचं. ३० अंश हा आकडा कागदावर सोपा आहे. एप्रिल-मेमध्ये नागपूर, अकोला, चंद्रपूरकडे घरातली सावलीसुद्धा त्याच्या वर असते, तेव्हा आपल्याकडे वापरातलं पेनही फ्रिजमध्येच ठेवणं शहाणपणाचं.

पण फ्रिजमध्ये कुठे? एका दाराच्या फ्रिजमध्ये वरच्या बर्फाच्या कप्प्याला लागून जो ट्रे असतो, तिथे दही गोठतं, कोथिंबीर काळी पडते. तिथे पेन ठेवलं तर तेही गोठू शकतं. एकदा गोठलेलं पेन वितळल्यावर अगदी नव्यासारखं दिसतं आणि तरीही ते फेकायचंच असतं. मधल्या कप्प्यात, मागच्या भिंतीला न टेकता, एका झाकणाच्या डब्यात ठेवा. डब्यामुळे आमटीचा वास आणि पाण्याचे ओघळ लागत नाहीत, आणि लहान मुलांच्या हातीही पटकन येत नाही. वीज गेली तर फ्रिजचं दार उघडून "अजून गार आहे का" बघत बसू नका, बंद दारामागे गारवा बराच वेळ टिकतो.

प्रवासात पेन स्कूटरच्या डिकीत किंवा उन्हात उभ्या गाडीत सोडायचं नाही. थर्मासच्या पिशवीत जेलपॅक ठेवताना पेन कापडात गुंडाळा, गोठलेला पॅक थेट टेकला तर पेनही गोठतं. विमानात ते हातातल्या बॅगेत, चिठ्ठीसह.

खोक्यावर पहिल्या डोसची तारीख मार्करनं लिहा. चार डोस म्हणजे १, ८, १५ आणि २२ वा दिवस. मधे एक डोस सुटला तरी चौथा २९ व्या दिवशी बसतो. दोन सुटले तर चौथ्या डोसआधीच पेनाची मुदत संपते, आत औषध दिसत असलं तरी.

महिनाअखेरीच्या चुका

चार डोस झाल्यावरही पेनात औषध दिसतं. ते हवा काढण्यासाठी भरलेलं उरलेलं असतं, पाचवा डोस नव्हे. ते सिरिंजनं ओढून काढायच्या युक्त्या व्हॉट्सअॅपवर फिरतात. त्यात किती मिली आलं हे कळत नाही, रबर मोठ्या सुईनं फाटतं, आणि टोचलं जातं ते मोजमाप नसलेलं, दूषित होऊ शकणारं औषध. दुसरी युक्ती टकटक मोजून अर्धा डोस घ्यायची: मोठ्या ताकदीचं पेन घ्यायचं आणि थोडं थोडं वापरायचं. हिशेब स्वस्त वाटतो, पण असं पेन ३० दिवसांत संपत नाही, म्हणजे उरलेला काळ मुदतबाह्य औषध घेतलं जातं. शिवाय नॉब दोन घर पुढे गेला की डोस बदलला.

सगळ्यात धोक्याची बचत नवरा-बायकोत एक पेन. "सुई बदलतो ना" म्हणतात. सुई बदलून भागत नाही. टोचताना रक्ताचा किंवा पेशींचा अंश सुईतून मागे काचेच्या नळीत जाऊ शकतो, डोळ्याला न दिसता. हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्ही या वाटेनं जाऊ शकतात. एक माणूस, एक पेन, घरातल्या घरातसुद्धा.

डोस वाढवण्याची घाईही यातलीच. २.५ मिग्रॅ फक्त सुरुवातीचा डोस आहे, पोटाला सवय लागावी म्हणून चार आठवडे. मग ५. त्यापुढे प्रत्येक पायरीवर किमान चार आठवडे, आणि गरज असली तरच. ५ वर वजन आणि साखर नीट उतरत असेल तर ५ वरच थांबायला काहीच हरकत नाही, पुढच्या ताकदीची पेनं महागही आहेत. वजनासाठीच्या चाचण्यांमध्ये मळमळ साधारण चौघांत एकाला ते तिघांत एकाला झाली, आणि ती मुख्यतः डोस चढवण्याच्या आठवड्यांत.

डोस विसरला तर चार दिवसांच्या, म्हणजे ९६ तासांच्या आत आठवला तर घ्या. रविवार तुमचा वार असेल तर गुरुवारपर्यंत घेता येतो; शुक्रवारी आठवला तर सोडून द्या आणि रविवारी नेहमीचा घ्या. दोन डोसांत किमान ७२ तास हवेतच. दोन-तीन आठवडे सलग सुटले तर नेहमीच्या ताकदीनं परत सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा, पोटाची सवय मोडलेली असते.

दुकानात

हे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं औषध आहे. मधुमेह प्रकार २ साठी, आणि वजनासाठी बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) ३० किंवा जास्त, नाहीतर २७ किंवा जास्त आणि सोबत रक्तदाब, कोलेस्टेरॉलसारखा एखादा त्रास असेल तर. लग्नाआधी चार किलो उतरवायला हे नाही. चिठ्ठी न मागता देणारं दुकान सोयीचं वाटतं, पण जो चिठ्ठी बघत नाही तो शीतसाखळी तरी कशावरून सांभाळत असेल?

पेन त्यांच्या फ्रिजमधून तुमच्यासमोर काढलं पाहिजे, काउंटरवरच्या फडताळातून नाही. घरी पोचवणार असतील तर जेलपॅकसह, आणि तुम्ही घरी असाल अशा वेळी. पक्कं बिल घ्या, त्यावरचा बॅच नंबर खोक्यावरच्या आणि पेनावरच्या नंबरशी जुळवा. तिन्ही जुळले नाहीत तर परत करा. जून २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं बनावट ओझेम्पिकबद्दल इशारा दिला होता, त्या बॅच ब्राझील, ब्रिटन आणि अमेरिकेत सापडल्या होत्या. इन्स्टाग्रामवर किंवा टेलिग्रामवर पावडरच्या बाटल्या विकतात, "पाणी घालून घ्या" म्हणून, त्यांच्या वाटेलाही जाऊ नका.

सोबत कोणती औषधं चालू आहेत

हा भाग डॉक्टरांसमोर बसून बोलायचा. साखरेसाठी ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर मौंजारो सुरू होताना त्यांचा डोस कमी करावा लागू शकतो, नाहीतर साखर फार खाली जाते. घाम, थरथर, छातीत धडधड, डोळ्यांपुढे अंधारी आली तर ग्लुकोमीटर लावा. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे ग्लुकोज किंवा साखर पाण्यातून घ्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. एकादशी, चतुर्थी, नवरात्राचे नऊ दिवस ज्यांच्या घरी कडक असतात, त्यांनी हे आधीच ठरवून ठेवावं. या औषधानं भूक मुळातच मंदावते, त्यात उपवास आणि ग्लिमेपिराइड एकत्र आले की साखर घसरते. उपवासाच्या पदार्थांतही तुपात परतलेली साबुदाण्याची खिचडी या औषधावर अतिशय जड पडते.

थायरॉइडचा मेड्युलरी कॅन्सर स्वतःला किंवा रक्ताच्या नात्यात झाला असेल, किंवा एमईएन २ हा आनुवंशिक आजार असेल तर हे औषध नाही. साधा हायपोथायरॉइडिझम वेगळा, त्याची भीती बाळगू नका, पण डॉक्टरांना सांगा. स्वादुपिंडाला पूर्वी सूज येऊन गेली असेल, पोट रिकामं व्हायला फार वेळ लागत असेल, तेही सांगा. मधुमेहींनी सुरू करण्याआधी डोळ्याचा पडदा तपासून घ्यावा, कारण साखर झपाट्यानं उतरते तेव्हा आधीचा पडद्याचा विकार काही काळ वाढू शकतो.

गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांना ही गोष्ट फार कमी वेळा सांगितली जाते: टिर्झेपाटाइडमुळे त्या गोळ्या नीट शोषल्या जात नाहीत. औषध सुरू केल्यावर चार आठवडे आणि प्रत्येक वेळी डोस वाढवल्यावर चार आठवडे दुसरं साधन सोबत हवं. मूल हवं असेल तर किमान महिनाभर आधी औषध थांबवावं लागतं. वजन उतरू लागलं की पाळी नियमित होऊन गर्भ राहण्याची शक्यता वाढते, विशेषतः पीसीओएस हा अंडाशयाचा त्रास असलेल्यांत.

शस्त्रक्रिया किंवा एंडोस्कोपी ठरली असेल तर भूलतज्ज्ञांना "मी आठवड्याचं इंजेक्शन घेतो, शेवटचं अमुक वारी घेतलं" असं स्पष्ट सांगा. पोट रिकामं व्हायला वेळ लागत असल्यानं रात्रभर उपाशी राहूनही आत अन्न असू शकतं आणि भूल देताना ते फुप्फुसात जाण्याचा धोका असतो.

पोटात असह्य दुखून कळ पाठीत जात असेल, सोबत उलट्या असतील, तर ते अॅसिडिटी समजून गोळी घेऊन झोपू नका, त्याच दिवशी दवाखान्यात जा. जेवणानंतर उजव्या बरगडीखाली दुखणं पित्ताशयाचं असू शकतं. उलट्या-जुलाब दिवसभर थांबले नाहीत तर मूत्रपिंडावर ताण येतो. पाणी, ताक, ओआरएस चालू ठेवा आणि डॉक्टरांना कळवा.

पोटाचं गणित

पहिले दोन महिने ताट लहान करा आणि आधी प्रथिनं खा. मटकीची उसळ, घट्ट वरण, अंडी, पनीर, मासे; भात-पोळी नंतर. भूकच नसते म्हणून चहा-बिस्किटावर दिवस काढला तर वजनासोबत स्नायूही जातात, आणि पन्नाशीनंतर ते परत मिळवणं कठीण असतं. आठवड्यातून दोन-तीनदा वजन उचलण्याचा किंवा उठाबशांसारखा व्यायाम हवा. वडापाव, भजी, रात्री दहाचं जेवण यांनी मळमळ हमखास वाढते. पोट भरल्याची पहिली खूण मिळाली की थांबा. "उरलंय तेवढं संपवून टाक" ही घरातली जुनी सवय या औषधावर उलटीनं संपते. बद्धकोष्ठ झालं तर रात्री इसबगोल भरपूर पाण्यासोबत.

काय आवडलं नाही

तीन गोष्टी. एक, खिडकीतल्या खुणा बारीक आहेत. चष्म्याचा नंबर असलेल्या ज्येष्ठांना रेघ, ० आणि १ ओळखायला चांगला उजेड लागतो. दोन, डोस अधेमधे थांबवता येत नाही, त्यामुळे ५ सोसत नाही आणि २.५ पुरत नाही अशा माणसाला मधली पायरी नाही. तीन, किंमत. १२.५ आणि १५ मिग्रॅचं पेन आलं तेव्हा महिन्याला २७,५०० रुपये होतं, आणि हे औषध वर्षानुवर्षं चालवायचं आहे.

वापरलेल्या सुया ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका, त्या कचरा वेचणाऱ्या माणसाच्या बोटात जातात. कपडे धुण्याच्या द्रवाची जाड प्लास्टिकची रिकामी बाटली घ्या, वर मोठ्या अक्षरांत "सुया" लिहा, पाऊण भरली की टोपण चिकटपट्टीनं बंद करा आणि तुमच्या दवाखान्यात किंवा पॅथॉलॉजी लॅबमध्ये विचारून द्या. आणि दोन-तीन महिन्यांची पेनं एकदम आणून ठेवू नका. पहिल्या तिमाहीत ताकद बदलते, आणि फ्रिजमधून बाहेर गेलेलं पेन दुकानदार परत घेत नाही, घेऊही नये.